घड्याळाने भरायचा कप्पा

त्यांना किती वाजले असं विचारलं, की ते उलट विचारायचे, "कशासाठी पाहिजे?"

यात थट्टा नसायची. गाडी पकडायची आहे म्हटलं तर ते "निघा" म्हणायचे. औषध घ्यायचंय म्हटलं तर जेवण झालं का ते विचारायचे. आणि नुसतंच सवयीने विचारलं असेल तर ते सरळ पुन्हा कामाला लागायचे. ज्या माणसाचा सगळा जन्म वेळेच्या नोंदी ठेवण्यात गेला, त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. होतं ते खोलीतल्या खिळ्याला टांगलेलं, आणि तेसुद्धा भिंतीकडे तोंड करून.

वसईच्या पूर्वेला वालीवच्या बाजूला आमच्या गाळेधारकांची सोसायटी होती. तिथे ते कॉम्प्युटर सांभाळायला आले, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी. राहायला नंदाखालला होते, म्हणून आम्ही त्यांना नंदाखालकर म्हणायला लागलो. पोर्तुगीज काळापासून चालत आलेलं त्यांचं आडनाव चांगलं छोटं आणि सुटसुटीत होतं, पण आमच्याकडच्या माणसांना लांब नाव ठेवल्याशिवाय आदर दाखवल्यासारखं वाटत नाही.

माझी त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे. ती आजही आहे. मला जे ओळखतात त्यांना ती पाठ आहे आणि तिचा विषय निघाला की माझी बायको उठून आत जाते. तरीही त्या माणसाची आठवण आली की मला पहिल्यांदा वाटतं ते हायसं. एखादी गाडी अंगावरून जाता जाता बाजूने निघून जावी आणि मग चहाचा पहिला घोट घ्यावा, तसं. तक्रार त्यानंतर आठवते.

त्यांच्या खोलीला एअरकंडिशनर होता. तो आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता, पण उन्हाळ्यात अर्धी सोसायटी काही ना काही शंका घेऊन त्या खोलीत यायची. नंदाखालकरांनी त्यावर उपाय म्हणून चपला बाहेर काढायचा नियम केला. धुळीमुळे मशीन बिघडतं हे कारण सांगितलं होतं. माझ्या मते त्यांना देवळात शिरल्यासारखी शांतता हवी होती. वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, आणि या माणसाने कॉम्प्युटरच्या खोलीचंही तेच करून ठेवलं होतं. कळफलकावर त्यांच्या बहिणीने विणलेला पांढरा क्रोशाचा रुमाल असायचा. सकाळी तो उचलून, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवायचे, संध्याकाळी पुन्हा पांघरायचे. खिशात केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. काम मनासारखं झालं की एक सुकेळं काढून खायचे, समोरच्यालाही द्यायचे. मला फार वेळा मिळालं नाही.

रोज सकाळी मशीन सुरू करताना ते रेडिओ लावायचे. बातम्यांच्या आधी आकाशवाणीवर ठोके पडायचे, त्यांतल्या शेवटच्या ठोक्याला ते एक कळ दाबायचे आणि मग रेडिओ बंद. बातम्या ऐकायचे नाहीत. मी एकदा विचारलं, अहो, निदान हवामान तरी ऐका. ते म्हणाले, "ते बाहेर जाऊन बघतो."

सोसायटीत यायच्या आधी ते मुंबईत एका कापड गिरणीच्या पगार खात्यात होते. तिथे भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं मशीनमध्ये घालून हजारो माणसांचे पगार निघायचे. कामगार आत शिरला ती वेळ आणि बाहेर पडला ती वेळ, या दोन वेळांमध्ये ते वीसेक वर्षं राहिले. गिरणी थंडावली तसे ते घरी आले. "उशिरा येणारा माणूस कधीच खोटं बोलत नाही," असं ते म्हणायचे. "तो फक्त वेळेबद्दल खोटं बोलतो." हे वाक्य मी माझ्या कामगारांना बरेच वेळा ऐकवलं आहे. उपयोग झाला नाही.

आता मी कोण ते सांगतो. मी वटारचा. दुसऱ्यांच्या वाडीत केळी तोडून आमचं घर चाललं. मालाडला एका कारखान्यात हातप्रेस ओढायला शिकलो, मग तसलाच एक जुना प्रेस भंगारवाल्याशी दोन दिवस भांडून मिळवला आणि बॅगांची बकलं पाडायला लागलो. शाळा अर्धवट सुटली, पण भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. माझा आवाज मोठा आहे हे मला माहीत आहे. पत्र्याच्या शेडमध्ये आठ माणसं ठोकत असताना बोलायची सवय लागली, की तो लहान होत नाही.

माझा धंदा चालायचा "उद्या"वर. माल उद्या देतो, पत्र्याची पट्टी उद्या येते, बकलाची डाय उद्या बसवतो. एकदा मशीद बंदरचा एक व्यापारी माझ्याकडे आला होता आणि सौदा जवळजवळ जमला होता. नंदाखालकर काहीतरी सही घ्यायला आले आणि दारातच उभे राहिले. मी व्यापाऱ्याला म्हटलं, माल उद्या नक्की. नंदाखालकर अगदी मनापासून विचारतात, "उद्या म्हणजे किती वाजता?" मी त्यांच्याकडे बघितलं. व्यापारीही माझ्याकडे बघायला लागला. मग मला खरं सांगावं लागलं की पट्टीच अजून आलेली नाही, आठवडा लागेल. व्यापारी उठून गेला. पुढच्या आठवड्यात परत आला, आणि पुढे बरीच वर्षं येत राहिला, पण ती वेगळी गोष्ट आहे. त्या दिवशी तो उठून गेला हे खरं.

सोसायटीत कॉम्प्युटर आला तो भांडणामुळे. गाळ्यांची पहिली इमारत बांधली तेव्हा नियम असा होता, की ज्याचा अर्ज आधी त्याला गाळा आधी निवडता येईल. लोक पहाटेपासून रांग लावायचे. रांग म्हणजे माणसांची नाही. कोणी वीट ठेवायचा, कोणी डबा, कोणी एकच चप्पल, आणि मालक चहाला. अर्ज घेणारा कारकून वेळ हाताने लिहायचा. रांग संपल्यावर बघावं तर चांगल्या चांगल्या लोकांचे अर्ज सगळे "सकाळी दहा"चे, आणि माझा, जो मी स्वतः त्याच्या हातात दिला होता, तो दुपारचा. मी सभासद होतो, तरी मला गाळा मिळाला नाही. मी सोसायटीच्या ऑफिसात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पुढच्या सभेत कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला तेव्हा सर्वांत आधी हात वर गेला तो माझा. माणसाच्या हातातून वेळ काढून घ्या, असं मी त्या सभेत म्हणालो होतो. हे माझंच वाक्य आहे. ते पुढे माझ्या अंगावर यायचं होतं.

नंदाखालकरांनी कॉम्प्युटरमध्ये अर्जांची नोंद तयार केली आणि आम्हाला एकेकाला बोलावून दाखवली. पडद्यावर आडवे कप्पे होते. नाव, धंदा, जुना पत्ता, किती जागा पाहिजे. हे कारकुनाने भरायचं. शेवटचा कप्पा वेळेचा, आणि तिथे हात पोचतच नव्हता. कळ दाबून त्या कप्प्यात जावं म्हटलं तर पडद्यावरची लुकलुकणारी टिकली त्याच्यावरून उडी मारून खालच्या ओळीत जायची. ते म्हणाले, "हा कप्पा कोणी भरायचा नाही. नाव लिहून झालं की त्या क्षणी घड्याळात जे असेल ते आपोआप इथे येऊन बसेल. कारकुनाला विचारणार नाही, तुम्हाला विचारणार नाही, मलाही विचारणार नाही." मी खूश होऊन त्यांची पाठ थोपटली. त्यांना ते आवडलं नाही, पण त्या दिवशी मला सुकेळं मिळालं.

दुसऱ्या इमारतीचे अर्ज निघाले तेव्हा माझ्यावर वेळ आली होती. माझी शेड भाड्याची, सखल जागेत. पावसाळ्यात लोक म्हणायचे, चिंचोटीला कशाला जायचं, धबधबा तर याच्या शेडमधून वाहतो. पत्र्याच्या पट्ट्या गंजायच्या, बकलांवर डाग पडायचे, माल परत यायचा. त्यात शेडच्या मालकाने दिवाळीपर्यंत जागा खाली करायला सांगितलं. त्याला तिथे चाळ बांधायची होती. म्हणजे दिवाळीनंतर प्रेस कुठे ठेवायचा आणि आठ माणसांना काय सांगायचं, हे मला माहीत नव्हतं. नवीन इमारतीत गाळा मिळाला नाही तर माझा कारखाना संपला होता, इतकी सरळ गोष्ट होती.

इमारतीचा कोपऱ्याचा गाळा रस्त्याला लागून, चौथरा उंच, टेम्पो दारात येईल असा. तो माझ्या डोळ्यांपुढे होता. मी वीट नाही ठेवली, चप्पल नाही ठेवली, स्वतः जाऊन उभा राहिलो. तरी माझ्यापुढे तिघे होते. पहिला रंगाच्या डब्यांची झाकणं बनवणारा, अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. तो कधी आला ते कोणालाच कळलं नाही.

अर्ज घ्यायला सुरुवात झाली, पण सोसायटीच्या कारभाराप्रमाणे उशिरा. कारकून एका बोटाने टाइप करत होता. तिघांचं होईपर्यंत दुपार झाली. बाराच्या सुमाराला नंदाखालकर नेहमीप्रमाणे उठले आणि बाहेर गेले. दुपारी देवळाची घंटा व्हायच्या वेळेला ते अंगणातल्या चिंचेखाली थोडा वेळ उभे राहायचे. वालीवहून नंदाखालची घंटा ऐकू येणं शक्य नाही. ते म्हणायचे, वाजते आहे हे माहीत असलं की पुरे.

ते चिंचेखाली, कारकुनाने माझं नाव टाइप करायला घेतलं, आणि लाईट गेली.

लाईट फार वेळ गेली नव्हती. पण माझ्यामागे रांग होती, रांगेत सगळे घामाघूम झालेले कारखानदार, आणि एअरकंडिशनर बंद. लाईट आल्याबरोबर कारकुनाने मशीन सुरू केलं. ते सुरू होताना पडद्यावर काहीतरी विचारायला लागलं. कारकून घाबरला, कारण सकाळी मशीन सुरू करायचं काम नंदाखालकरांचं, हा प्रश्न त्याने कधी पाहिलाच नव्हता. तो म्हणाला, "तारीख विचारतोय हा. काय करू?" मागून लोक ओरडत होते. मी म्हटलं, सकाळपासून तुम्ही एकच मोठी कळ दाबताय, तीच दाबा आणि पुढे चला. त्याने दाबली. पुन्हा विचारलं, पुन्हा दाबली. मशीन पुढे गेलं. त्याने माझा अर्ज भरला आणि मी बाहेर आलो.

दारात नंदाखालकर आत येताना भेटले. त्यांनी आत जाऊन पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं घरून काही वाईट निरोप आला. त्यांनी रांग थांबवली, घड्याळ नीट केलं, आणि माझ्यामागच्या माणसापासून पुन्हा सुरुवात केली.

संध्याकाळी प्रिंटरवरची यादी ऑफिसच्या दाराला चिकटवली. वेळेप्रमाणे लावलेली. यादीत सर्वांत वर माझं नाव होतं. नावापुढे वेळ होती, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, रात्री बारा वाजून काही मिनिटं.

त्या तारखेला सोसायटी जन्माला आली नव्हती. मी स्वतः मालाडला दुसऱ्याचा प्रेस ओढत होतो.

यादीपुढे गर्दी झाली. हसणारे हसले. पण रांगेत बराच मागे असलेला एक शेठ, ज्याचे आधीच दोन गाळे होते, तो हसला नाही. त्याने सगळ्यांच्या देखत म्हटलं की बकलवाल्याने कारकुनाला हाताशी धरून वेळ मागची टाकून घेतली, फक्त घाईत वर्षं जरा जास्त मागे गेली. हे बोलणं इतकं छान होतं, की दोन दिवसांत ते खरं झालं. अध्यक्षांनी मला निरोप पाठवला, की सभेत विषय येईल, नोंद खोटी ठरली तर अर्ज रद्द करावा लागेल.

मी नंदाखालला गेलो. त्यांचं घर वाडीत, आजूबाजूला नारळ आणि केळी, दाराशी क्रूस. बहिणीने लिंबाचं सरबत दिलं. मी शक्य तितक्या हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे काय झालं ते. मी चौथा होतो. खरी वेळ काय ती टाका आणि मला सोडवा. ते तुम्ही बनवलेलं आहे, तुम्हाला त्या कप्प्यात जाता येत असणार.

"जाता येतं," ते म्हणाले.

"मग?"

"जाणार नाही."

मी मग सगळं केलं. समजावलं, चिडलो, आठ माणसांची नावं घेऊन सांगितली. त्यांच्या वाडीला कुंपण घालून देतो म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्या हातातला रिकामा ग्लास काढून घेतला, इतकंच. शेवटी माझा आवाज चढला आणि शेजारच्या घरातून कोणीतरी बाहेर आलं. मी म्हटलं, एक कळ दाबायची आहे. एका कळीसाठी माझा कारखाना बुडवताय.

त्यांनी तो ग्लास विहिरीच्या काठावर ठेवला. मग म्हणाले, "माझे वडील इथल्या देवळाची घंटा वाजवायचे. एका रविवारी वाडीतल्या मोठ्या घरची गाडी यायला उशीर झाला. बैल अडले होते कुठे. वडिलांनी घंटा थांबवली. मनात वाईट काही नव्हतं, एवढी जुनी माणसं, मिस्सेची प्रार्थना चुकायला नको म्हणून. त्यानंतर ते असेपर्यंत घंटा झाली की लोक एकमेकांना विचारायचे, आज कोणासाठी वाजली."

मला त्या घंटेशी काही देणंघेणं नव्हतं. मी तसं बोललो आणि निघालो. वाटेत मी त्यांना जे म्हटलं ते वटारपर्यंतच्या केळींनी ऐकलं.

घरी येऊन रात्रभर विचार केल्यावर मला उलट सुचलं. हा माझा स्वभाव आहे, मार खाल्ला की भाव आठवतो. नियम कोणाचा? सोसायटीचा. नियम काय म्हणतो? मशीनची वेळ शेवटची, माणसाने तिच्यात हात घालायचा नाही. मशीन काय म्हणतं? माझा अर्ज सर्वांत आधी. मग मी सर्वांत आधी, आणि कोपऱ्याचा गाळा माझा. ऐंशी साल तर ऐंशी साल.

सभेत मी हेच मांडलं. शांतपणे मांडलं, त्यामुळे लोक आणखी घाबरले. म्हटलं, लबाडी केली असेल तर सिद्ध करा, नसेल तर तुमच्याच नियमाने गाळा द्या. सभेत गोंधळ झाला. काही जण माझ्या बाजूला यायला लागले, कारण नियम खरंच तसा होता. अध्यक्ष कपाळ चोळायला लागले. मला दिसत होतं की अजून पाच मिनिटं रेटलं तर हे कंटाळून हो म्हणतील. असे चेहरे मी ओळखतो, माझी रोजी त्यांच्यावर चालते.

तेवढ्यात शेठ उठला. म्हणाला, ही सगळी नाटकं आहेत, त्या मशीनमधली वेळ बदलता येते हे सगळ्यांना माहीत आहे.

नंदाखालकर मागे भिंतीला टेकून उभे होते. खुर्ची असली तरी ते सभेत बसायचे नाहीत. ते म्हणाले, "सगळ्यांना नाही. दोघांनाच माहीत आहे. परवा तुम्ही विचारलंत, तुमची वेळ सकाळची करता येईल का, तेव्हा मी नाही म्हटलं. त्याच्या आदल्या दिवशी हे बकलवाले आले होते, त्यांनाही नाही म्हटलं."

शेठ बसला. मीसुद्धा बसलो. मी उभा होतो हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांनी सगळ्यांना कॉम्प्युटरच्या खोलीशी बोलावलं. दाराबाहेर चपलांचा हा ढीग झाला. शेठचे बूट लेसचे होते, तो काढायला तयार नव्हता, आणि त्याने काढेपर्यंत नंदाखालकरांनी सुरुवात केली नाही. अध्यक्षांना त्यांनी मशीनपुढे बसवलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. "लाईट गेली," ते म्हणाले. पुन्हा चालू केलं. "आली. आता तुमचं तुम्ही सुरू करा. अर्ज भरायचा आहे, बाहेर रांग आहे." आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "ओरडा."

आधी कोणी ओरडेना. मग मी ओरडलो. ते मला जमतं. मग सगळेच ओरडायला लागले, लवकर करा, आम्हाला कामधंदे आहेत, अध्यक्ष झोपले काय. अध्यक्षांनी पडद्यावरचा प्रश्न वाचायचा प्रयत्न केला, मागे बघितलं, कपाळ पुसलं आणि मोठी कळ दाबली. दोनदा. मग स्वतःचं नाव भरलं. प्रिंटर करकरला. नंदाखालकरांनी कागद फाडून मोठ्याने वाचला. अध्यक्षांचा अर्ज एक जानेवारी ऐंशीला, मध्यरात्री आलेला होता.

हसणं थांबायला वेळ लागला. ते थांबल्यावर नंदाखालकर बोलले, आणि एवढं लांब बोलताना मी त्यांना पुन्हा कधी ऐकलं नाही. "या मशीनला वीज गेली की घड्याळ आठवत नाही. ते आपल्याला विचारतं. आपण काही सांगितलं नाही, की ते त्याच्या जन्माची तारीख धरतं. हे मला माहीत होतं, म्हणून रोज सकाळी मी सांगत होतो. पण मी नसताना वीज गेली तर काय, याचा बंदोबस्त मी केला नव्हता. चूक माझी. कारकुनाची नाही, आणि या गृहस्थांची लबाडी नाही. घड्याळ चुकलं, पण ओळी एकाखाली एकच पडतात, त्या मागेपुढे होत नाहीत. यांच्या आधी तीन ओळी आहेत. हे चौथे."

झाकणवाला गरीब माणूस बारीक आवाजात म्हणाला, "होय, चौथेच. पूर्ण सकाळ तिसऱ्या माणसाच्या टाचेवर पाय देऊन उभे होते." तिसऱ्या माणसाने पाय वर करून दाखवला.

अर्ज रद्द झाला नाही. मी चौथा ठरलो. पहिल्याने कोपऱ्याचा गाळा घेतला. झाकणांना कशाला पाहिजे रस्त्यावरचा गाळा, हे मी त्याला आजही विचारतो. मला मिळाला तो त्याच ओळीतला आतला, पण चौथरा उंच. त्या रात्री मी घरी जाऊन जेवलो आणि जेवताना लक्षात आलं, की कित्येक दिवस मी नुसता गिळत होतो. बायकोने कालवण पुन्हा वाढलं. मी घेतलं.

नंदाखालकरांनी माझी तारीख शेवटपर्यंत बदलली नाही. त्यांनी नोंदीत एक नवा कप्पा जोडला आणि माझ्या ओळीपुढे लिहिलं, "घड्याळ चुकीचे, क्रम बरोबर." आणि मशीनला असं शिकवलं, की आधीच्या ओळीपेक्षा जुनी वेळ आली तर ते अडून बसेल, पुढे जाणारच नाही. पुढे कोणीही नवा अधिकारी आला की मला बोलावून विचारायचा, ही ऐंशीची काय भानगड आहे. मी बसायचो, चहा मागवायचो आणि सांगायचो. सांगून सांगून गोष्ट मला आवडायला लागली, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

माझी तक्रार एवढीच आहे. मी हात जोडले तेव्हा त्यांनी कळ दाबली नाही, आणि मी स्वतःच्या अकलेने कोपऱ्याच्या गाळ्यापर्यंत पोचलो तेव्हा मला खेचून चौथ्या जागेवर आणून उभं केलं. दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं हा माझ्या तक्रारीला जबाब नाही. पण कप्प्यात त्यांनी माझ्यासाठी हात घातला असता, तर शेठला ते नाही म्हणू शकले नसते, आणि मग मी चौथासुद्धा राहिलो नसतो. हे मला सभेतच समजलं होतं. समजलं म्हणून राग जातो असं नाही.

दिवाळीच्या आधी आम्ही प्रेस हलवला. गाळ्यात नारळ फोडला, आठही माणसं आंघोळ करून आली होती. दुपारी दाराशी नंदाखालकर आले. बाहेर चपला काढून, अनवाणी. इथे काढायची गरज नाही म्हटलं तर नुसते हसले. फरशीकडे बघितलं, कोरडी होती. चौथऱ्याची उंची हाताने मोजल्यासारखी केली. खिशातून केळीच्या पानाची पुडी काढून प्रेसवर ठेवली. मी अजून रागातच होतो, म्हणून बसा म्हणालो नाही.

मी दांडा ओढला. नव्या जागेतलं पहिलं बकल पडलं, गरम, स्वच्छ, डाग नसलेलं. त्यांनी ते उचलून उजेडात धरलं आणि मग मला विचारलं, "किती वाजले?"

मी म्हटलं, "कशासाठी पाहिजे?"

ते मोठ्याने हसले. आठही माणसं काम थांबवून त्यांच्याकडे बघायला लागली, कारण त्यांना मोठ्याने हसताना कोणी ऐकलं नव्हतं. "काही नाही," ते म्हणाले. "नुसतं ऐकायचं होतं."

मग मी घड्याळात बघून त्यांना वेळ सांगितली. बरोबर सांगितली. आणि बसायला स्टूल दिलं.